‘सालोमे’ नाटक व त्याचीं मूळ साधनें

ऑस्कर वाइल्ड याचें ‘सालोमे’ हें एकांकी शोकपर्यवसायी नाटक मूळ फ्रेंच भाषेंत लिहिलें गेलें व इ. स. १८९३ मध्यें प्रसिद्ध झालें. तत्पूर्वीं १८९२ सालीं लंडन येथें त्याच्या तालमी चालू असतां, बायबलांतील पात्रें रंगभूमीवर आणूं नयेत या जुन्या दंडकाच्या आधारें सरकारी परीक्षकानें त्यास मनाई केली. पहिला प्रयोग १८९६ सालीं पॅरिसमध्यें झाला. तेव्हां ग्रंथकर्ता इंग्लंडांत तुरुंगवास भोगीत होता. नाटकाच्या वाङ्मयीन गुणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथें पाहावयाचें तें इतकेंच कीं, कवीनें रचिलेल्या या वासनेच्या व सूडाच्या कथेचा मूळ साधनांशीं कितपत मेळ बसतो.

साधनें मुख्यतः दोन. मार्क व मत्तय यांच्या शुभवर्तमानांत असें आहे कीं, भावाची बायको हेरोदिया हिच्याशीं केलेला विवाह अधर्म्य होय, असें योहान हेरोदास बजावीत असे. म्हणून हेरोदियेनें त्याचा दावा धरिला. वाढदिवसाच्या मेजवानींत तिच्या मुलीनें नृत्य केलें, हेरोदानें मागेल तें देण्याची शपथ वाहिली, आणि मुलीनें आईच्या सांगण्यावरून योहानाचें शिर तबकांत मागितलें. येथें मुलीचें नांवहि नाहीं. सूड आईचा, मुलगी केवळ साधन.

दुसरें साधन यहुदी इतिहासकार जोसीफस याचें. त्याच्या मतें लोक योहानाच्या भजनीं लागले, त्यांतून बंड उद्भवेल या भयानें हेरोदानें त्यास माखेरस किल्ल्यांत धाडून ठार केलें. येथें नृत्य नाहीं, शपथ नाहीं, तबकहि नाहीं. सालोमे हें नांव मात्र याच ग्रंथांत, पण वंशावळींत, येतें. ती प्रथम फिलिप या मांडलिकाची व त्याच्या मृत्यूनंतर अरिस्तोबुलस याची पत्नी झाली, आणि तिला तीन पुत्र झाले. तिची मुद्रा असलेलीं नाणींहि उपलब्ध आहेत.

आतां नाटक पाहावें. त्यांत सालोमेस योहानाविषयीं उत्कट अभिलाषा उत्पन्न होते. तो तिचा धिक्कार करितो. आणि ती आईकरितां नव्हे, स्वतःच्या इच्छेनें शिर मागून त्याचें चुंबन घेते. हें पाहून भयग्रस्त हेरोद तिच्या वधाची आज्ञा देतो व शिपाई तिला ढालींखालीं चिरडतात. ही वासना व हा मृत्यु, दोन्हींस वरील दोन्ही साधनांत आधार नाहीं. ज्या सात पडद्यांच्या नृत्याची एवढी प्रसिद्धि झाली, त्याचाहि शुभवर्तमानांत उल्लेख नसून नाटकांत तें एका रंगसूचनेपुरतेंच आहे.

एवढ्यावरून नाटककारास दोषी ठरविणें योग्य नव्हे. सूड आईकडून मुलीकडे नेल्यानेंच नाटकास एक केंद्र लाभलें. सूडाचें मूळ धिक्कारलेल्या अभिलाषेंत ठेविल्यानें शोकांतास अंतर्गत कारण मिळालें. ही रचना बलवान आहे. परंतु तिची किंमतहि द्यावी लागली. जोसीफसच्या वृत्तांत एका राज्यकर्त्यास लोकप्रिय उपदेशकाचें भय वाटतें व तो विचारपूर्वक त्याचा काटा काढितो. नाटकांतील हेरोद शकुनांस भिणारा व मद्यधुंद होऊन शपथेंत अडकलेला दुर्बल पुरुष होतो. राजकीय हत्येचा दोष राजाकडून सरकून एका तरुणीच्या वासनेवर जातो. शुभवर्तमानांतील कथेनेंच या सरकण्यास आरंभ केला होता. वाइल्डनें तें पूर्ण केलें.

१९०५ सालीं रिचर्ड स्ट्राउस यानें या नाटकावरून संगीतनाटक रचिल्यापासून तर तीच सालोमे सर्वत्र खरी मानली जाते. कवीस कल्पनेचें स्वातंत्र्य असावें, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें निर्णय देतांना रंगभूमीवरील साक्षीस साधनाची योग्यता देऊं नये. नाहींतर जिच्या हातून योहानाचा वध झाल्याचें जोसीफस कोठेंहि म्हणत नाहीं, त्या स्त्रीच्या माथीं तो कलंक कायमचा राहील.