स्थळांची निवड आणि स्थळांचे मोल : वाल्टर क्रिस्टालरच्या सिद्धान्ताचे परीक्षण

एखादे गाव बाजाराचे ठिकाण का बनते आणि शेजारचे तेवढ्याच वस्तीचे गाव का बनत नाही, हा प्रश्न व्यवहारात जुना असला तरी शास्त्राच्या कक्षेत तो उशिरा आला. आपल्याकडील जुन्या दफ्तरांत मौजे व कसबे असा भेद केलेला आढळतो. जेथे पेठ आहे व जेथे आसपासच्या खेड्यांची कामानिमित्त ये-जा आहे तो कसबा, एवढे त्यावरून कळते. किती मौज्यांमागे एक कसबा असावा आणि दोन कसब्यांत अंतर किती पडावे, याचा नियम त्यावरून कळत नाही. असा नियम सांगण्याचे धाडस वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञाने 'दक्षिण जर्मनीतील केंद्रस्थाने' या १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात केले. त्यापूर्वी थ्यूनेनने १८२६ साली शहराभोवतीच्या शेतीची वलये कशी पडतात याची मीमांसा केली होती, आणि आल्फ्रेड वेबरने १९०९ साली कारखान्याची जागा वाहतूकखर्चावरून कशी ठरते ते दाखविले होते. क्रिस्टालरने शहर हे गृहीत न धरता शहराचेच स्थान हा अभ्यासविषय केला. हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

त्याच्या विवेचनाचा गाभा थोडक्यात असा. प्रत्येक विक्रेय वस्तूला किंवा सेवेला दोन मर्यादा असतात. गिऱ्हाईक तिच्यासाठी किती दुरून येईल ही एक, आणि दुकान चालावयाचे तर निदान किती गिऱ्हाईक पाहिजे ही दुसरी. मिठासाठी कोणी वीस मैल जाणार नाही, नेत्रवैद्यासाठी जाईल. म्हणून लहान केंद्रे पुष्कळ व जवळजवळ, मोठी केंद्रे थोडी व दूरदूर, अशी उतरंड तयार होते. सर्वत्र सारखी सपाट भूमी, सारखी दाट वस्ती आणि सर्व दिशांना सारखाच प्रवासखर्च असे मानले, तर या केंद्रांची क्षेत्रे मधाच्या पोळ्याप्रमाणे षट्‌कोनी होतात. सर्वांत खालच्या बाजारगावाचे क्षेत्र त्याने सुमारे चार किलोमीटर त्रिज्येचे, म्हणजे तासाभराच्या पायपिटीचे, मानले. अशा दोन गावांमधील अंतर सात किलोमीटर येते. त्यावरील पायऱ्यांची अंतरे तीनाच्या वर्गमुळाच्या पटीने वाढत बारा, एकवीस, छत्तीस अशी जातात. म्युनिक, फ्रांकफुर्ट, श्टुटगार्ट यांच्या दर्जाच्या नगरांपर्यंत अशा सात पायऱ्या त्याने मोजल्या.

स्थळाचे मोल कसे ठरवावे, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर तर विशेष चतुराईचे आहे. नुसत्या लोकसंख्येवरून केंद्राचे महत्त्व कळत नाही. खाणकामगारांची मोठी वसाहत आसपासच्या प्रदेशाला काहीच पुरवीत नसेल. म्हणून त्याने टेलिफोन मोजले. समजा, एखाद्या प्रदेशात चाळीस माणसांमागे एक टेलिफोन आहे. तेथील चार हजार वस्तीच्या गावात शंभर टेलिफोन असणे स्वाभाविक होय. प्रत्यक्षात अडीचशे आढळले, तर वरचे दीडशे हे त्या गावाच्या केंद्रत्वाचे माप. गाव स्वतःपुरते जेवढे आहे त्याहून अधिक जे दुसऱ्यांसाठी आहे, तेच त्याचे खरे महत्त्व, हा विचार या मोजणीमागे आहे आणि तो आजही टिकण्यासारखा आहे. साधन मात्र कालबाह्य झाले. टेलिफोन माणसाच्या खिशात गेल्यापासून तो स्थळाचा पुरावा राहिलेला नाही.

येथपर्यंत तक्रारीस जागा नाही. सपाट, एकसारखी भूमी हे गृहीतक अवास्तव आहे, हा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. परंतु आमच्या मते तो वरवरचा होय. घर्षणरहित पृष्ठभाग कोठेही नसतो, म्हणून पदार्थविज्ञानातील नियम कोणी फेटाळीत नाही. शिवाय दक्षिण जर्मनीत वास्तव व आकृती यांत जेथे अंतर पडले तेथे ते का पडले, याची चिकित्सा खुद्द क्रिस्टालरनेच केली आहे. खरा प्रश्न निराळा आहे. जे गृहीतक स्पष्टीकरणाच्या सोयीसाठी मांडले, तेच पुढे योजनेचा आदेश बनते तेव्हा काय होते? स्पष्टीकरणात डोंगर, नदी, जुने गाव आणि तेथील माणसे आकृतीला मुरड घालतात. योजनेत आकृतीच त्या सर्वांना मुरड घालू पाहते.

हा प्रश्न काल्पनिक नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि त्याचा पश्चिम भाग आपल्या राज्यास जोडून घेतला. तेथील पोलिश व ज्यू रहिवाशांना हुसकावून जर्मन वसाहती बसविण्याचे काम हिम्लरच्या अधिकाराखालील खात्याकडे आले, आणि त्या खात्यात कोनराड मायर याच्या हाताखाली नियोजनाचे कार्यालय चालू झाले. एके काळी समाजवादी लोकशाही पक्षात असलेला क्रिस्टालर १९४० साली नाझी पक्षाचा सभासद झाला व या कार्यालयासाठी त्याने काम केले. जोडून घेतलेल्या मुलखात कोणत्या दर्जाची केंद्रे कोठे असावीत, कोणती वाढवावीत, कोठे नवी उभारावीत, याचे आराखडे त्याने केले. प्रबंधात 'समजा, भूमी एकसारखी आहे' असे एक वाक्य होते. येथे भूमी एकसारखी करण्याचे काम दुसरे हात करीत होते. नकाशावरचे षट्‌कोन निरुपद्रवी दिसतात. त्यांच्या आत पूर्वी कोण राहत होते, हा स्तंभच त्या नकाशात नाही.

यावर असे म्हटले जाईल की, दोष सिद्धान्ताचा नव्हे, माणसाचा व काळाचा. हे अर्धेच खरे आहे. सिद्धान्ताने क्रौर्य शिकविले नाही हे मान्य. पण ज्याच्यासाठी केंद्र आहे तो मनुष्य या सिद्धान्तात गिऱ्हाईक म्हणूनच येतो, आणि एका गिऱ्हाइकाच्या जागी दुसरे आले तरी आकृतीत काहीही बिघडत नाही. ही उदासीनता सिद्धान्ताच्या रचनेतच आहे. म्हणूनच तो इतक्या सहज उसना देता आला.

भूमी खरोखरच रिकामी असेल तर? याचेही उदाहरण उपलब्ध आहे. नेदरलंड्समध्ये समुद्र हटवून १९४२ साली नॉर्डोस्टपोल्डर ही नवी भूमी कोरडी करण्यात आली. मध्यभागी एमेलोर्ड हे शहर व सभोवती दहा खेडी अशी तिची मांडणी केंद्रस्थानांच्या कल्पनेशी जुळणारी आहे. खेड्यांमधील अंतरे सायकलच्या हिशेबाने धरली होती. पुढे मोटारी आल्या, शेतीस मजूर कमी लागू लागले, आणि खेडी अपेक्षेपेक्षा लहान राहिली. १९५७ साली कोरड्या झालेल्या पूर्व फ्लेवोलांडमध्ये योजकांनी आरंभी आखलेल्या खेड्यांची संख्या पुष्कळ कमी करून अखेर चारच वसाहती उभारल्या. कोणालाही न उठविता झालेल्या या प्रयोगात चूक झाली ती अंदाजाची, आणि पुढच्या पोल्डरमध्ये ती सुधारता आली. पोलंडमध्ये जे झाले ते अंदाजाच्या चुकीत मोडत नाही. या दोहोंतील फरक कोणत्याही सूत्रात दिसत नाही, आणि म्हणून तो अभ्यासकानेच दाखवावा लागतो.

आपल्याकडेही या सिद्धान्ताचा उपयोग झाला आहे. सुधीर वनमाळी यांनी पूर्व महाराष्ट्रातील सामाजिक सोयींच्या नियोजनाच्या दृष्टीने केंद्रस्थानकल्पनेचे केलेले परीक्षण हैदराबादच्या राष्ट्रीय समूह विकास संस्थेने १९७० साली प्रसिद्ध केले. शाळा, दवाखाना, बाजार कोठे असावा, हे वशिल्यापेक्षा अंतराच्या हिशेबाने ठरविणे केव्हाही श्रेयस्कर होय. तथापि येथे दोन गोष्टी लक्षात घ्यावयास पाहिजेत. पहिली अशी की, आपला आठवडेबाजार एका जागी बसून राहत नाही. विक्रेता वारानुसार गावे फिरतो, आणि एका गावी दररोज न मिळणारे गिऱ्हाईक सात दिवसांत सात गावी मिळवितो. अशा ठिकाणी स्थळाबरोबर वारही मोजावा लागतो. तो न मोजता केलेल्या पाहणीत बाजाराचे गाव सामान्य खेडे ठरेल. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अंतर मैलांत मोजता येते. प्रवेश मैलांत मोजता येत नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव १९२४ साली केला होता. तरीही ते पाणी प्रत्यक्ष घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तळे त्या लोकांपासून दूर नव्हते. वस्तूच्या 'मर्यादे'ची क्रिस्टालरकृत व्याख्या येथे लावून पाहावी, म्हणजे तिच्यातील उणीव ध्यानात येईल.

मग स्थळनिवडीच्या शास्त्राने केवळ स्पष्टीकरणापुरते राहावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. क्रिस्टालरचे विवेचन पुढे नेणारा आउगुस्ट लॉश याने १९४० सालच्या आपल्या ग्रंथात, स्थळे कोठे आहेत यापेक्षा ती कोठे असणे योग्य, हा प्रश्न अधिक मोलाचा मानला. आणि याच लॉशने नाझी राजवटीपुढे मान तुकविली नाही. तेव्हा योग्यायोग्यतेचा विचार केल्याने शास्त्र भ्रष्ट होते असे नव्हे. तो विचार कोणाच्या बाजूने केला, हे न सांगितल्याने ते भ्रष्ट होते.

यावरून आमची सूचना अशी आहे. केंद्रस्थानांच्या प्रत्येक पाहणीत दोन नोंदी सक्तीच्या असाव्यात : योजिलेल्या जागेवर आज कोण राहते, आणि ठरविलेल्या परिघातील कोणास तेथे पोहोचता येत नाही व का. या दोन नोंदींनी षट्‌कोनांची रेखीवता कमी होईल, हे उघड आहे. परंतु रेखीवतेचा हा तोटा सोसल्यावाचून या सिद्धान्ताचा उपयोग निर्धास्तपणे करता येईल असे आम्हांस वाटत नाही.