दीर्घिकेचा तांबडा रंग आणि आपली घाई

पाठ्यपुस्तकांत व भित्तिचित्रांत देवयानी दीर्घिकेचे रंगीत चित्र आता सर्रास आढळते. चित्र सुरेख असते; परंतु ते कोणत्या तरंगलांबीच्या प्रकाशात घेतले, हे बहुधा त्याखाली छापलेले नसते. हा दोष किरकोळ नाही.

डिसेंबरच्या अंधाऱ्या रात्री चिखलदऱ्याहून नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसणारी देवयानी सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. जंबुपार प्रकाशात तिचे वलय उठून दिसते, कारण तेथे तप्त, निळे, अल्पायुषी तारे आहेत. निकट-अवरक्त प्रकाशात मात्र मधला फुगवटा उजळतो. तेथे वृद्ध, तांबूस ताऱ्यांची दाटी आहे. दीर्घिका एकच, पण प्रत्येक चित्रात दिसणारी वस्ती निराळी. शिवाय जंबुपार व अवरक्त चित्रांतले रंग माणसाने सोयीसाठी भरलेले असतात, हेही मुलांना सांगायला हवे.

महायुद्धामुळे लॉस एंजेलिसचे दिवे मंदावले असताना वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर तांबड्या प्रकाशाला संवेदनक्षम काचपट्ट्या वापरल्या, देवयानीच्या अंतर्भागातले तारे सुटे करून दाखवले आणि १९४४ साली ताऱ्यांचे दोन वर्ग मांडले. आपली बरीचशी पुस्तके तेथेच थांबतात : निळे ते तरुण, तांबडे ते म्हातारे. हे सूत्र पाठ करायला सोपे असले तरी अपुरे आहे.

मे महिन्यात अकोल्याच्या धुळकट संध्याकाळी सूर्य तांबडा दिसतो. तो काही थंड झालेला नसतो. मधल्या हवेने व धुळीने निळा प्रकाश विखुरलेला असतो. दीर्घिकेतही तसेच. तिचा तांबडेपणा वयाचा की धुळीचा, हे एका चित्रावरून ठरत नाही. धुळीने प्रकाश शोषला असेल, तर ती तापून दूर-अवरक्त किरण बाहेर टाकते. म्हणून तेथे दीर्घिका प्रखर दिसली, तर धुळीआड तरुण तारे असण्याचा संभव मोठा. मंद दिसली, तर वार्धक्याचा पक्ष बळावतो.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील जंबुपार दुर्बिणीने देवयानीचेही सर्वेक्षण केले. अशी चित्रे अवरक्त चित्रांशेजारी लावून मुलांना आधी एवढेच विचारावे : "हे कोणत्या प्रकाशात पाहिले?" उत्तर चित्राखाली नसेल, तर ते चित्र शोभेचे आहे, पुराव्याचे नाही.