सुचविलेला शब्द

इन्स्क्रिप्ट हा 1991 च्या भारतीय मानकातील कळपाट वर्णमालेच्या तर्कावर उभा होता: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. मुंबईच्या आयआयटीने 2013 मध्ये सिद्ध केलेल्या ‘स्वरचक्रा’ने तोच तर्क मोबाईलच्या पडद्यावर नेला. व्यंजनावर बोट टेकताच त्याची स्वरयुक्त रूपे भोवती चक्राकार उमटतात. देवनागरीची बूज राखणारी इतकी देखणी योजना आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

परंतु लोकांच्या हाताला इंग्रजी कळपाटाचे वळण आधीच पडले होते. रचनाकारांनी त्या सवयीचाच माग काढला. आपण रोमन अक्षरांत लिहावे, देवनागरी शब्द यंत्राने सुचवावा! रोमनमध्ये ‘ल’ व ‘ळ’ यांना सहसा एकच अक्षर. मग ‘काल’ की ‘काळ’, हे यंत्र साठलेल्या लेखनातील वारंवारतेवरून आणि मागच्या शब्दांवरून ताडते. सोय मोठी आहे, ती आम्ही नाकारीत नाही.

आक्षेप निराळा आहे. जे बोलले जाते पण क्वचितच लिहिले जाते, त्याची या हिशेबात गणती कशी व्हावी? बेळगावकडील ‘काय करालायस’ लिहू जाणारा दोनदा अडतो आणि निमूटपणे ‘काय करतोस’ स्वीकारतो. ती स्वीकृतीही पसंती म्हणूनच गणली जाते. स्वतःचा शब्द कोशात घालण्याची सोय असते खरी. पण ती सेटिंगच्या आतल्या दालनात. सूचनांच्या पट्टीवर, बोटाशी, तिला जागा का नसावी?