ड्यूक वाढले, जोखीम आटली

ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणाने कारभार बघण्याच्या पलीकडे गेला आणि फेब्रुवारी १८११ मध्ये त्याचा थोरला मुलगा राजप्रतिनिधी झाला. १८२० मध्ये जॉर्ज वारला आणि हा ‘रीजन्सी’ काळ संपला. पुरती नऊ वर्षंही भरत नाहीत. या एवढ्याशा काळावर इंग्रजी प्रणयकादंबरीने शंभरेक वर्षं संसार थाटला आहे. लंडनचा हंगाम, ऑल्मॅक्समधला बुधवारचा नाच, उपवर मुली, कर्जात बुडालेली जहागीर आणि शेवटी लग्न. मुंबई-पुण्याच्या सर्क्युलेटिंग लायब्ररींनी बार्बरा कार्टलंडची पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या फिरवली, त्यामुळे हे जग आपल्याकडेही पुष्कळांच्या ओळखीचं आहे.

हा प्रकार हलका म्हणून मोडीत काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. सुखान्त आधीच ठाऊक असताना वाचकाला चारशे पानं धरून ठेवायचं, हे कसबाचं काम आहे. आपल्याकडे ‘स्वामी’सारख्या कादंबरीत पेशवे घराण्यातलं प्रेम मृत्यूपाशी पोचतं आणि शोकान्तिका त्याला आपसूक उंची देते. इंग्रजी प्रणयलेखिकेला ही सोय नाही. तिला दोघांना जिवंत आणि एकत्र ठेवून वाचकाला पटवायचं असतं. माझी तक्रार वेगळी आहे. आज या कादंबऱ्या विपुल आहेत, चटपटीत आहेत, पण त्यांतल्या बहुतेकींमध्ये प्रेमासाठी कुणाला काही मोजावं लागत नाही.

मोजावं लागत होतं ते कायद्यामुळे. लग्न झालं की बाईचा पैसाअडका नवऱ्याचा होई. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. १८५७ पूर्वी इंग्लंडमध्ये पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. एकविसाच्या आतल्या मुलीला १७५३ च्या विवाह कायद्याप्रमाणे सहसा वडिलांच्या संमतीवाचून लग्न करता येत नसे. तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून प्रेमिक सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनकडे पळत. जहागीर थोरल्या मुलाकडे जाई, धाकट्यांनी फौजेत नाहीतर चर्चमध्ये जायचं, मुलींनी हुंड्याच्या बळावर स्थळ मिळवायचं. अशा समाजात बाईने ‘हो’ म्हणणं म्हणजे सगळं आयुष्य एका माणसाच्या हाती सोपवणं होतं. कादंबरीतला ताण तिथून येतो.

जेन ऑस्टिनला हे पक्कं ठाऊक होतं. तिच्या नायकांत एकही ड्यूक नाही. डार्सीला किताबसुद्धा नाही. आहेत ते वर्षाचे दहा हजार पौंड आणि जमीन. आजच्या कादंबऱ्यांतली उमरावांची गर्दी नंतरची, आणि तिची वाट पाडली जॉर्जेट हेयरने. १९३५ च्या ‘रीजन्सी बक’पासून तिने या काळाला घर केलं. कपडे, बग्ग्या, बाजारभाव, त्या वेळच्या शिव्या आणि बोलणं यांच्या तिने टिपणवह्या ठेवल्या होत्या. तिची नक्कल करणाऱ्यांनी वह्यांतला मालमसाला तेवढा उचलला. हिशेबाची नजर मात्र फार थोड्यांना साधली.

ती नजर बघायची तर १९६१ ची ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ वाचावी. ॲडम डेव्हरिल स्पेनच्या लढाईवरून परततो तो वडिलांच्या मृत्यूमुळे. किताब मिळतो आणि सोबत डोंगराएवढं कर्ज. त्याचं प्रेम सुंदर ज्युलियावर; पण घर वाचवायचं म्हणून तो लंडनच्या एका गडगंज व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी, लग्न करतो. जेनी बुटकी, साधी, चारचौघींत उठून न दिसणारी. हा सौदा आहे हे तिला माहीत आहे, आणि त्याच्यावर तिचा जीव पूर्वीपासून आहे हे ती त्याला सांगत नाही. त्याला काय आवडतं, कशाने त्याचा दिवस बरा जातो, हे ती मुकाट हेरते. सासरा भडक सामान पाठवत राहतो. ॲडमला त्या उपकाराचा काच होतो आणि तसं वाटल्याची लाजही वाटते. या तिघांतली ओढाताण हेयरने घरातल्या बारीकसारीक व्यवहारांतून उभी केली आहे. शेवटाकडे वॉटर्लूच्या लढाईच्या सुमारास लंडनचा बाजार घाबरतो, सासरा सरकारी रोखे विकायला सांगतो, आणि वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला ॲडम उलट ते विकत घेतो. स्वतःच्या हिमतीवर पैसा मिळवल्यावरच त्याला बायकोकडे मोकळेपणाने बघता येतं. उधाणलेल्या प्रेमाची कबुली इथे नाही, म्हणून पुष्कळ वाचक या कादंबरीवर रुसलेले आहेत. मला ती या प्रकारातली सर्वांत प्रामाणिक कादंबरी वाटते.

हेयरचे दोष झाकायचं कारण नाही. १९५० च्या ‘द ग्रँड सोफी’तला ज्यू सावकार ज्या तिरस्काराने रंगवला आहे, तो महायुद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर लिहिला गेला, हे वाचताना आजही अंगावर येतं. वर्गाच्या उतरंडीवर तिची श्रद्धा होती आणि ती पानोपानी दिसते.

पुढे अमेरिकेने सूत्रं हाती घेतली. कॅथलीन वुडिविसची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ १९७२ मध्ये आली, शय्यागृहाचं दार उघडलं आणि बलात्कारी नायकालाही पुढे प्रियकर म्हणून खपवलं गेलं. त्या वळणावर मी रेंगाळणार नाही. त्यातून बाहेर काढणाऱ्या लेखिकांमध्ये लोरेटा चेसचं नाव मी आधी घेईन. तिच्या ‘लॉर्ड ऑफ स्काउंड्रल्स’ (१९९५) मधली जेसिका बदनामी करणाऱ्या मार्क्विसवर गोळी झाडते आणि मग वकिलामार्फत त्याला जाब विचारते. पुन्हा कायदा, पुन्हा पैसा; आणि म्हणूनच पुढचं प्रेम खरं वाटतं.

ज्युलिया क्विनच्या ब्रिजर्टन भावंडांनी २००० पासून या प्रकाराला घरगुती ऊब दिली, खुसखुशीत संवाद दिले. पण त्याचबरोबर ड्यूक हा नुसता पोशाख होऊन बसला. राजघराणं सोडलं तर तेव्हाच्या ब्रिटनमध्ये ड्यूक जेमतेम पंचवीस-तीस. त्यांतला तरुण आणि गर्भश्रीमंत असा डेव्हनशरचा सहावा ड्यूक १८११ मध्ये, एकविसाव्या वर्षी, चॅट्सवर्थचा धनी झाला आणि १८५८ मध्ये अविवाहितच वारला. कादंबऱ्यांत मात्र दर वाड्यात एक ड्यूक लग्नाला उभा असतो. त्याच्याकडे कुळं नाहीत, गहाणखतं नाहीत, पार्लमेंटमधलं मत नाही. नायिका मनात येईल तिथे एकटी फिरते, मनात येईल ते बोलते, आणि तिचं काहीही बिघडत नाही. मग तिच्या धाडसाचं मोल ते काय?

पैसा कुठून आला हा प्रश्नही असाच बाजूला पडतो. गुलामांचा व्यापार ब्रिटनने १८०७ मध्ये बंद केला, गुलामगिरी मोडणारा कायदा १८३३ चा. रीजन्सीतले कितीतरी वाडे कॅरिबियन उसाच्या मळ्यांवर पोसलेले होते. आणि आपण मराठी वाचकांनी तर हा काळ डोळे मिटून वाचूच नये. वॉटर्लूचा जो वेलिंग्टन या कादंबऱ्यांत नाचाच्या दिवाणखान्यात मिरवतो, तो १८०३ मध्ये असई आणि आडगावला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला होता. रीजन्सीच्याच दशकात, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा हिरा पेशवाई बुडवणाऱ्या युद्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला, लंडनच्या बाजारात विकला गेला आणि पुढे वेस्टमिन्स्टरच्या उमराव घराण्याकडे पोचला.

ब्रिजर्टन मालिकेच्या २०२२ च्या दुसऱ्या पर्वात पुस्तकातल्या शेफील्ड बहिणी शर्मा झाल्या. सावळी, हट्टी, प्रेमास पात्र अशी केट पडद्यावर बघताना मला मनापासून आनंद झाला. पण त्या घरातल्या हाका आणि चालीरीती वेगवेगळ्या प्रांतांतून गोळा केलेल्या, आणि कंपनी सरकार तर कुठे नावालाही दिसत नाही. रंगाचा भेद काढला, सत्तेचा भेदही त्याच्याबरोबर पुसून टाकला.

आशा वाटते ती किंमत परत आणणाऱ्यांकडून. ॲलेक्सिस हॉलच्या ‘अ लेडी फॉर अ ड्यूक’ची (२०२२) नायिका व्हायोला वॉटर्लूवर मेली असं जगाने धरलंय. स्त्री म्हणून जगता यावं यासाठी तिने किताब, वारसा आणि सर्वांत जवळचा मित्र सोडला आहे. तो मित्र तिच्या शोकात खचला आहे, आणि तिने काय गमावलं ते आपल्याला नेमकं कळतं.

अशी किंमत मागणारी एक गोष्ट आपल्या इतिहासातही पडून आहे. पेशव्यांविरुद्धच्या मोहिमेत मिळालेल्या लुटीचा पैसा कुणाच्या फौजेला मिळावा, यावर लंडनमध्ये कित्येक वर्षं वाद चालला. त्या निधीच्या विश्वस्तांत स्वतः वेलिंग्टन होता. एखाद्या धाकट्या मुलाचं लग्न त्या पैशावर अडलेलं, मुलीचा बाप वाट्याचा आकडा मागतोय, आणि मुलीला तो पैसा कसा आला हे कळलंय. ही कादंबरी कुणीतरी लिहावी. ती हेयरच्या काटेकोरपणाने लिहिलेली मला हवी आहे.