शाहीर साबळे : तबकडीतला आवाज आणि रंगमंचावरचा शाहीर

शाहीर कृष्णराव साबळे (1923–2015) यांचे मूल्यमापन बहुधा एकाच गीतापाशी थांबते. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांचे संगीत लाभलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ 2023 मध्ये राज्यगीत झाले. तेही दोनच कडव्यांपुरते. 1960 च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या कोलकात्याच्या डमडम येथील कारखान्यात तयार होत. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. एवढ्या मापात वीररसाचे गीत नेमके बसते. बतावणी, हजरजबाबीपणा, समोरच्या गर्दीला डिवचणे मात्र बाहेर राहते. आणि साबळे मोठे ठरतात ते तिथेच.

साने गुरुजींच्या प्रभावाखाली पसरणीचा हा तरुण मंदिरप्रवेशाच्या चळवळीत उतरला, पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी गायला. ‘आंधळं दळतंय’ या मुक्तनाट्यात त्यांनी मुंबईतल्या मराठी माणसाची पीछेहाट हसतखेळत मांडली. विनोद धारदार आहे, पण त्याचा रोख सत्तेवरून परप्रांतीयांकडे सरकतो. समतेसाठी गाणाऱ्या शाहिराच्या कामातला हा ताण गौरवपर लेखनात सहसा येत नाही. राज्यगीताच्या दोन कडव्यांत तर तो ऐकू येणेच शक्य नाही.