फुरसुंगीचा फेणे : खरा कोणता?

दौंडहून पुण्यास जाताना हडपसरच्या अलीकडे फुरसुंगीचा शिवार लागतो. आमच्या पिढीतील शिरूर-दौंडकडच्या वाचकांस हे गाव ठाऊक झाले ते भा. रा. भागवत यांच्या बनेश फेणेमुळे. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल दामटणारा, जिभेने ‘ट्टॉक्’ करणारा हा काटकुळा मुलगा आपल्याच वाटेवरच्या गावचा, याचे आम्हांस मोठे अप्रूप होते.

परवा दौंडच्या एका घरी त्याचा विषय निघाला. घरचा नातू म्हणाला, “फेणे शाळेत कुठे जातो? तो तर डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला पुण्याला येतो!” मुलाने २०१७ सालचा चित्रपट पाहिला होता, पुस्तक वाचले नव्हते. आजोबा उसळले, “ते सिनेमातलं रे. खरा फेणे पुस्तकातला.” “पण आजोबा, खरा म्हणजे काय?” या प्रश्नाला आजोबांपाशी उत्तर नव्हते, आणि आमच्यापाशीही नव्हते.

‘प्रमाणभूत’ कोणते, हा प्रश्न आपल्या वाचकांस नवा नाही. पवित्र ग्रंथांची यादी ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली निश्चित केली खरी. परंतु हिप्पो आणि कार्थेज येथील सभांनी चौथ्या शतकाच्या अखेरीसच ती मांडली होती, आणि त्याही आधी ते ग्रंथ उपासनेत वाचले जात होते. हेर्मासचा ‘मेंढपाळ’ कित्येक ठिकाणी आदराने वाचला गेला, तरी यादीत आला नाही. निर्णय अधिकाराने झाला, पण तो वाचनाच्या पाठीमागून चालत आला.

कल्पित कथांना हा शास्त्रार्थ प्रथम कोणी लावला, हे मोठे गमतीचे आहे. १९११ साली रोनाल्ड नॉक्स यांनी शेरलॉक होम्सच्या कथांवर बायबल-पंडितांच्या थाटात एक विनोदी निबंध वाचला. हेच नॉक्स पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले आणि त्यांनी बायबलचे इंग्रजी भाषांतर केले!

आज मात्र या गमतीचे व्यवहारात रूपांतर झाले आहे. ‘स्टार वॉर्स’ या विज्ञानकथामालेचा पहिला चित्रपट १९७७ साली आला आणि त्याभोवती कादंबऱ्यांचे मोठे भांडार जमले. २०१२ मध्ये मालकी डिस्ने कंपनीकडे गेली. २०१४ मध्ये जाहीर झाले की चित्रपट व एक सचेतपट मालिका तेवढी प्रमाण, जुन्या कादंबऱ्या केवळ ‘दंतकथा’. वर्षानुवर्षे जे खरे मानून वाचले, ते एका निवेदनाने बाद! पण टिमथी झान यांनी १९९१ च्या कादंबरीत उभा केलेला सेनानी थ्रॉन २०१६ मध्ये त्याच मालकांना परत बोलवावा लागला. वाचकांनी त्यास सोडले नव्हते, असे आम्ही समजतो.

फेणेच्या बाबतीत अशी घोषणा कोणी केली नाही, हे आमचे भाग्यच. दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाले, पुढे चित्रपटात अमेय वाघ. चित्रपट बांधेसूद आहे. परीक्षेतील गैरव्यवहाराचा विषयही आजच्या घरांना जवळचा. तरीही आमचा आक्षेप आहे. पुस्तकांतला फेणे शाळकरी आहे. मोठी माणसे त्याचे म्हणणे चटकन मनावर घेत नाहीत, आणि तरीही तो धावत सुटतो. कथेचा सारा जीव या विषमतेत आहे. तरुण फेणेला ती अडचण उरत नाही; तो शूर दिसतो, पण त्याचे शौर्य स्वस्त होते. नाव, गाव आणि ‘ट्टॉक्’ घेतल्याने फेणे होत नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. चित्रपटात भागवत स्वतःच एक पात्र आहेत. दिलीप प्रभावळकरांनी ते साकारले आहे. तरुण फेणे त्यांच्या घरी उतरतो. ज्याचे देणे त्याच्याच दारी पाहुणा म्हणून जावे, ही कल्पना आम्हांस मनापासून भावली. थ्रॉनच्या मालकांना हे सुचले नव्हते.

त्या नातवास आम्ही एक जुने पुस्तक नेऊन दिले. दोन दिवसांत त्याने दुसरे मागितले. आजोबांस चित्रपट दाखवणे मात्र अद्याप साधलेले नाही.