आराखड्यातली निळी रेघ

नागपूरचा विकास आराखडा उघडला की नजर आधी रंगांत अडकते: निवासी, व्यापारी, आरक्षणं. पण शहर किती काळ टिकेल हे पाहायचं तर रंग विसरून फक्त निळी रेघ वाचावी. पश्चिम उंच, पूर्व सखल. नाग नदीच्या माथ्याशी 1870 च्या सुमाराचा अंबाझरी तलाव, पिवळी नदीच्या माथ्याशी 1912 चा गोरेवाडा तलाव. मध्ये वस्ती, आणि शहर ओलांडल्यावर दोन्ही नद्यांचा संगम. उतारानं सुचवलेलं बांधणाऱ्यांनी किती निमूट मान्य केलं आहे!

जुन्या शहराच्या ऐन पोटात शुक्रवारी तलाव आहे, आजचा गांधीसागर, देवगडच्या चांद सुलतानाच्या काळातला. नागपूरवर नगररचनेचा अहवाल लिहिणारे पॅट्रिक गेडिस इथली तळी वाचवण्याच्या बाजूचे. मलेरियाच्या धास्तीनं तलाव बुजवण्याचे ते दिवस. गेडिस म्हणत, अळ्या खायला मासे आणि बदकं सोडा. नगररचनाकारानं बदकांचा हिशेब मांडावा, हे मला फार आवडतं.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे मात्र नदीनंच आराखडा तपासला. काही तासांच्या पावसात अंबाझरी ओसंडला आणि सांडव्याखालच्या लेआउटमध्ये, पुढे सीताबर्डीपर्यंत पाणी शिरलं. पूररेषा कागदावर कुठेही आखा, उतार नदीच्या तोंडपाठ होता.

सगळ्यात देखणी जागा मात्र फिरायला कुणी जात नाही अशा भांडेवाडीत आहे. शहराचं सांडपाणी उताराच्या ओढीनं पूर्वेकडेच येणार, म्हणून शुद्धीकरण केंद्र तिथे. तिथून रोज 13 कोटी लिटर शुद्ध केलेलं पाणी उत्तरेला कोराडीच्या वीज केंद्राकडे पंपानं जातं. नागपूर मुख्यतः पितं पेंच धरणाचं पाणी, आणि कोराडीची तहानही पेंचच भागवायचं. आता न्हाणीघरातलं, मोरीतलं पाणी शीतकरण मनोऱ्यांतून वाफ होऊन जातं. यातली बारीक करामत पाहा: वाफच व्हायची तर पाणी पिण्याजोगं कशाला हवं? जितकी गरज तितकीच शुद्धी, वर महापालिकेला वीज कंपनीकडून मोबदला. वाचलेलं पेंचचं पाणी धरणातच राहतं, उन्हाळ्याच्या हिशेबाला.